शरीरातला काटा
सामान्य काळातील चौदावा रविवार



ईस्टरनंतर मी दाढी वाढवली आहे, हे तुम्ही सगळ्यांनी पाहिले. मुलांनी मला 'मोशे' म्हणायला सुरुवात केली. 'फादर, नवस केला आहे का?' असे काहींनी हसत विचारले. माझी प्रवचने आखूड झाली, त्याबद्दल कोणी तक्रार केली नाही, उलट दोघातिघांनी आभारच मानले! पण मिस्सा संपल्यावर मी पूर्वीसारखा दारात थांबत नाही, पावसाळी वारा सुटला की गालाला रुमाल धरतो, लग्नघरी गेलो तरी जेवायला बसत नाही, याचे काहींना वाईट वाटले. 'फादर बदलले' असे शब्द माझ्या कानावर आले. म्हणून या रविवारी खरे कारण सांगतो. ते सांगण्यासाठी आजच्याइतका योग्य दिवस दुसरा नाही, कारण आजच्या दुसऱ्या वाचनात संत पौल आपल्या शरीरातल्या काट्याविषयी बोलतो.

मला चेहऱ्याच्या नसेचे दुखणे आहे. डॉक्टर त्याला ट्रायजेमिनल न्यूरॅल्जिया म्हणतात. मेंदूतून नसांच्या बारा जोड्या निघतात. त्यांतील पाचव्या जोडीच्या प्रत्येक नसेला तीन फांद्या असतात. एक कपाळ आणि डोळ्याकडे जाते, दुसरी गाल आणि वरच्या जबड्याकडे, तिसरी खालच्या जबड्याकडे. पुष्कळ रुग्णांमध्ये ही नस मेंदूपासून जिथे निघते तिथे एखादी रक्तवाहिनी तिच्यावर दाबली जाते. रक्तवाहिनीच्या प्रत्येक ठोक्याबरोबर नसेवरचे आवरण झिजते. विजेच्या वायरचे रबर झिजले की जे होते तेच इथे होते. साध्या स्पर्शाचा निरोप वेदनेच्या नसेत उतरतो. दात घासणे, घास चावणे, तोंड धुणे, दाढी करणे, बोलणे, एवढेच काय पंख्याची झुळूक, यांतले काहीही निमित्त पुरते. वीज कडाडावी तशी सणक येते. ती काही सेकंद, फार तर दोन मिनिटे टिकते. मग थांबते, आणि पुन्हा येते, कधी दिवसातून दहादा, कधी पन्नासदा.

हे दुखणे कायम सारखे राहत नाही. काही आठवडे किंवा महिने ते उचल खाते, मग एके दिवशी निघून जाते. माणूस पुन्हा शेंगदाणे खाऊ लागतो, जोराने गाऊ लागतो, आणि मग एका सकाळी ब्रश गालाला लागतो आणि ते परत आलेले असते.

माझे पहिले दुखणे दोन वर्षांपूर्वी आगमन काळात सुरू झाले. मला वाटले दाढ दुखते आहे. दोन दाढा काढल्या. दुखणे तिथेच राहिले. पुढे कळले की या आजारात असे पुष्कळांच्या बाबतीत होते, कारण वेदना अगदी दातातून आल्यासारखी वाटते. मी कोणाला दोष देत नाही, मीच त्या डॉक्टरांच्या मागे लागलो होतो. शेवटी मेंदू आणि नसांच्या डॉक्टरांकडे गेलो, एमआरआय झाला, औषध सुरू झाले. नेहमीच्या वेदनाशामक गोळ्या इथे फारशा कामी येत नाहीत. फिट्सच्या आजारावर देतात ते कार्बामॅझेपिन नावाचे औषध या दुखण्यावर 1960 च्या दशकापासून वापरात आहे, तेच मी घेतो. त्याने सणका पुष्कळ कमी होतात, पण झापड येते आणि शब्द वेळेवर आठवत नाहीत. प्रवचन आखूड होण्याचे अर्धे कारण हे आहे. उरलेले अर्धे म्हणजे बोलले की दुखते.

दोन वाचने, एक रविवार

आजचे शुभवर्तमान तुम्ही ऐकले असेल. प्रभू येशू आपल्या गावी नाझरेथला येतो. लोक त्याला सुताराचे काम करणारा, मारियेचा मुलगा म्हणून ओळखतात आणि तिथेच अडखळतात. थोड्याशा आजाऱ्यांवर हात ठेवून त्याने त्यांना बरे केले, याखेरीज तिथे त्याला मोठे काम करता आले नाही. त्यांचा अविश्वास पाहून त्याला आश्चर्य वाटले, असे संत मार्क सांगतो.

या उताऱ्याचा काही जण सोपा अर्थ लावतात. विश्वास नाही म्हणून बरे होत नाही. माझ्या दुखण्याचे कळल्यावर एक सद्गृहस्थ मला भेटायला आले. मोठ्या प्रेमाने आले होते. त्यांनी माझ्यासाठी प्रार्थना केली. प्रार्थनेनंतर विचारले, 'फादर, आता बरे वाटते ना?' मी प्रामाणिकपणे 'नाही' म्हणालो. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, 'कुठेतरी क्षमा करायची राहिली असेल. मन तपासून पाहा.' त्या रात्री मी खरोखर मन तपासत बसलो. एकेक माणूस आठवून त्याला क्षमा केली. पहाटे तोंड धुताना पुन्हा सणक आली. तेव्हा वाटले, मी धर्मगुरू असून माझी ही अवस्था, तर खाटेवर एकट्या पडलेल्या माझ्या एखाद्या धर्मग्रामस्थाची या शब्दांनी काय दशा होत असेल?

पण ख्रिस्तसभेने नाझरेथच्या या शुभवर्तमानाबरोबर त्याच रविवारी कोणते वाचन ठेवले आहे ते पाहा. पौल अविश्वासी होता का? त्याने फटके खाल्ले, तुरुंग भोगला, जहाज फुटून समुद्रात रात्र काढली. त्याच्या हातून आजारी बरे झाले. त्याच पौलाने आपला काटा निघावा म्हणून प्रभूला तीनदा विनवले आणि काटा निघाला नाही. प्रभूने त्याला विश्वास कमी पडला असे सांगितले नाही, पापाची आठवणही करून दिली नाही. आपली कृपा त्याला पुरेल आणि त्याच्या दुबळेपणातच आपले सामर्थ्य पूर्णत्वाला जाईल, एवढेच सांगितले. दोन्ही वाचने शेजारी ठेवली की सोपा अर्थ टिकत नाही. नाझरेथच्या लोकांना येशूकडून काही नकोच होते, त्यांनी दार लावून घेतले होते. आजारी माणूस तर दार उघडे टाकून रडत असतो. त्याला नाझरेथकरांच्या रांगेत उभे करण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

जन्मांध माणसाला पाहून शिष्यांनीही विचारले होते, पाप कोणाचे, याचे की याच्या आईबापाचे? येशूने दोन्ही नाकारले. दोन हजार वर्षे झाली, आपण तो प्रश्न अजून विचारतोच आहोत.

हा काटा नेमका कसला होता? कोणी म्हणतात डोळ्यांचा आजार, कोणी हिवताप, कोणी म्हणतात त्याला छळणारे विरोधक. पंडितांचे एकमत नाही. पौलाने नाव सांगितले नाही हे एका अर्थी बरेच झाले. कमरेत कळ घेऊन बसलेली बाई, मधुमेहाने पायाची आग होणारा म्हातारा, गालाला रुमाल लावलेला तुमचा फादर, प्रत्येकाला आपले दुखणे त्या जागी ठेवता येते.

आणि 'तीनदा' हा शब्द मला अलीकडे फार जवळचा झाला आहे. पौलाने एकदा मागितले आणि उत्तर आले नाही म्हणून सोडले नाही. दुखणे पुन्हा उचल खाते तेव्हा पुन्हा मागायला लाज वाटते. मागच्या वेळी आभाराची मिस्सा अर्पण केली, आता परत काय तोंड घेऊन जायचे? पण गेथशेमनीच्या बागेत खुद्द प्रभूनेही प्याला टळावा म्हणून तीनदा प्रार्थना केली. तेव्हा पुन्हा मागणे हा अविश्वास नव्हे. पुन्हा मागा.

एका आजींची गोष्ट

आता एक कबुली. आठ वर्षांपूर्वी मी दुसऱ्या धर्मग्रामात होतो. तिथे एका आजींना नागीण झाली. पुरळ सुकले, पण कमरेभोवतीची आग गेली नाही. महिने उलटले. लुगड्याचा स्पर्शही त्यांना सहन होत नसे. बसताना त्या कमरेपाशी कापड बोटांनी अंगापासून दूर धरून ठेवत. अधूनमधून काही दिवस बरे जात आणि मग दुखणे असे उसळे की त्या रात्रभर ओटीवर बसून राहत.

मी त्यांना ख्रिस्तप्रसाद घेऊन गेलो. सेमिनरीत मी तत्त्वज्ञान शिकलो आहे. दुःख या विषयावर बोलायला माझ्याकडे पुष्कळ होते. मी त्यांना क्रूसावरच्या प्रभूविषयी सांगितले. आपले दुःख त्याच्या दुःखाला जोडावे, पापी लोकांसाठी अर्पण करावे, म्हणजे ते वाया जात नाही, असे समजावले. आजी 'हो फादर, हो फादर' म्हणत राहिल्या. मला आणखी तीन घरी जायचे होते. मी समाधानाने निघालो.

मागच्या हिवाळ्यात, माझे दुखणे थांबले होते तेव्हा, मी मुद्दाम त्यांना भेटायला गेलो. आता त्या ऐंशीच्या पुढे आहेत. मी म्हणालो, 'आजी, त्या दिवशी मी तुम्हाला फार उपदेश केला. मला काही कळत नव्हते. माफ करा.' त्यांना माझे प्रवचन आठवतच नव्हते! म्हणाल्या, 'काय बोललात ते नाही आठवत, फादर. चहा टाकला होता, तो न घेताच गेलात, तेवढं लक्षात आहे.'

या वेळी मी चहा घेतला. दोन तास बसलो. त्यांना विचारले, दुखणे येते तेव्हा तुम्ही काय करता? त्या म्हणाल्या, 'पहिल्यांदा पुरी रोझरी म्हणायला बसायची. मध्येच विसरायची, मग वाटायचं देवाला फसवलं. आता एकच नमो मारिया म्हणते. कळ गेली की दुसरी. रात्रभरात जेवढ्या होतील तेवढ्या. ती आई आहे, मोजत नाही बसणार.'

मी सेमिनरीत वर्षानुवर्षे शिकलो ते या वाक्यापुढे मला थोडे वाटले. संत ऑगस्टीन म्हणतो की वाईट ही स्वतंत्र वस्तू नाही, ती चांगल्याची उणीव आहे. विचार म्हणून तो मला आजही पटतो. पण जबड्यात सणक असते तेव्हा ती उणीव वाटत नाही, तेव्हा तिच्याखेरीज जगात दुसरे काही उरत नाही. त्या घटकेला तत्त्वज्ञान नको असते. एक छोटी प्रार्थना आणि शेजारी बसणारे एक माणूस पुरते.

दुःख अर्पण करणे ही आपल्या श्रद्धेची मोठी शिकवण आहे आणि मी ती मागे घेत नाही. 13 मे 1981 रोजी पोप जॉन पॉल दुसरे यांच्यावर गोळ्या झाडण्यात आल्या. त्यानंतर जवळपास तीन वर्षांनी, 11 फेब्रुवारी 1984 रोजी, त्यांनी मानवी दुःखाच्या ख्रिस्ती अर्थावर एक प्रेषितीय पत्र लिहिले. आपले दुःख ख्रिस्ताच्या दुःखात सहभागी होऊ शकते, असे त्यांनी त्यात सांगितले आणि शेवटी ते चांगल्या शोमरोनीपाशी येऊन थांबले. जगातले दुःख माणसांच्या मनातली प्रीती जागी करण्यासाठीही आहे, असे त्यांनी तिथे म्हटले. हे दोन्ही भाग एकत्र वाचायला हवेत. अर्पण हा शब्द ज्याला दुखते त्याने उच्चारायचा. ज्याला दुखत नाही, त्याच्या वाट्याला शोमरोनी माणसाचे काम आले आहे. त्याने वाटसरूला उपदेश केला नाही, जखमांवर तेल ओतले आणि सरायीचे पैसे भरले. आठ वर्षांपूर्वी मी माझे काम टाकून आजींचे काम त्यांना शिकवत बसलो होतो.

दुखणे उचल खाते तेव्हा

तुमच्यापैकी कितीतरी जण अशा येणाऱ्या-जाणाऱ्या दुखण्याशी झगडत आहेत, हे मला घरभेटींतून ठाऊक आहे. कोणाला सायटिका, कोणाला मधुमेहाने नसांना आलेली आग, कोणाला नागिणीनंतरची कळ. त्यांच्यासाठी मी शिकलेल्या चार गोष्टी लिहितो.

पहिली, त्या दिवसांत स्वतःकडून थोडेच मागा. एलिया संदेष्टा रानात झाडाखाली पडून मरण मागत होता, ते आठवा. देवदूताने त्याला फटकारले नाही. भाकर आणि पाणी दिले आणि झोपू दिले. मग पुन्हा उठवून खायला दिले. होरेब डोंगरापर्यंतची लांब वाट नंतर आली. दुखण्याच्या दिवसांत पेज पिणे आणि झोप मिळवणे हीच आज्ञापालनाची रीत असू शकते. संत थॉमस अक्वायनस हे तेराव्या शतकातले थोर विचारवंत. मनाच्या दुःखावर उपाय कोणते, असा प्रश्न त्यांनी आपल्या मोठ्या ग्रंथात घेतला आहे. त्यांनी सांगितलेल्या उपायांत सत्याचे चिंतन आहे, तसेच रडणे आहे, मित्रांची सहानुभूती आहे, आणि झोप व स्नानही आहे! सेमिनरीत आम्ही यावर हसलो होतो. आता हसत नाही.

दुसरी, औषध घेणे म्हणजे विश्वास कमी असणे नव्हे. सिराखच्या ग्रंथाच्या 38 व्या अध्यायात वैद्याचा मान राखायला सांगितले आहे, कारण त्यालाही परमेश्वरानेच निर्माण केले आणि औषधी वनस्पती त्यानेच जमिनीतून उगवल्या. वेदना कमी करणारी औषधे ख्रिस्ती माणसाने घ्यावीत का, हा प्रश्न भूलतज्ज्ञांनी पोप पायस बारावे यांच्यापुढे ठेवला होता. अशी औषधे घेणे उचित आहे, असे त्यांनी 1957 साली उत्तर दिले. माझ्यासारखे औषध चालू असेल तर ते मनाने वाढवू नका, बरे वाटले म्हणून एकदम बंदही करू नका. अंगावर पुरळ आले तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. सांगितलेल्या रक्ततपासण्या टाळू नका. गोळ्यांनी भागले नाही तर काही रुग्णांसाठी शस्त्रक्रियेचाही मार्ग असतो. तोही डॉक्टरांशी मोकळेपणी बोलावा.

नागिणीविषयी एक शब्द. तिचे तोंड आणि शेपूट जुळले की माणूस मरतो, हा समज आपल्याकडे अजून आहे. लोक मंतरायला जातात आणि मोलाचे दिवस घालवतात. नागीण ही कांजिण्यांच्याच विषाणूमुळे होते. लहानपणी कांजिण्या येऊन गेल्या की तो नसांच्या मुळाशी दडून राहतो आणि उतारवयात डोके वर काढतो. पुरळ दिसल्यापासून 72 तासांच्या आत औषध सुरू झाले तर फायदा अधिक होतो. डोळ्याजवळ पुरळ असेल तर मुळीच थांबू नका. पन्नाशीच्या पुढच्यांसाठी आता लसही मिळते, तिच्याविषयी आपल्या डॉक्टरांना विचारा.

तिसरी, प्रार्थना लहान करा, पण सोडू नका. माझी रोजची प्रार्थनाविधी या तीन महिन्यांत कितीदा तरी अर्धवट राहिली. मी आजींची रीत घेतली. सणक येते तेव्हा फक्त 'येशू' एवढेच म्हणतो, मनातल्या मनात, कारण ओठ हलवले तरी दुखते. कधी तेही आठवत नाही. तेव्हा तुम्ही कोणीतरी माझ्यासाठी म्हणत असता, यावर भरवसा ठेवतो. पक्षाघात झालेल्या माणसाला चौघांनी छप्पर उघडून खाली सोडले. त्या चौघांचा विश्वास पाहून येशू बोलला. खाटेवरच्या माणसाने तोवर एक शब्दही उच्चारला नव्हता.

चौथी गोष्ट मला सर्वांत जड गेली. दुखणे नसते त्या दिवसांत भीती असते. हिवाळ्यात मी पूर्ण बरा होतो, पण दर सकाळी ब्रश हातात घेताना हात थांबायचा. आज येणार का? दुखत नसतानाही मी दुखण्यातच राहत होतो. मग एके दिवशी निर्गमच्या पुस्तकातली मान्नाची गोष्ट वाचनात आली. लोकांनी त्या दिवसापुरताच मान्ना गोळा करायचा होता. ज्यांनी दुसऱ्या दिवसासाठी साठवला, त्यांच्या मान्नाला किडे पडले. मी भाकर नव्हे, उद्याची वेदना साठवत होतो आणि तिला किडे पडत होते. 'आमच्या पित्या'मध्ये आपण आजचीच भाकर मागतो. आज दुखत नाही, तर आज भजी खावीत, आज मुलांबरोबर मोठ्याने गावे. उद्याच्या दुखण्यासाठी उद्याची कृपा असेल.

आणि जवळच्यांनी काय करावे?

ईयोबाचे तीन मित्र आपल्याला वाईट म्हणूनच ठाऊक आहेत. पण ते आले तेव्हा सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसून राहिले, एक शब्दही बोलले नाहीत. तोवर ते उत्तम मित्र होते. तोंड उघडले आणि बिघडले. गेथशेमनीत येशूने शिष्यांना काय मागितले? फक्त माझ्याबरोबर जागे राहा. तेवढेही त्यांना जमले नाही.

नसेचे दुखणे दिसत नाही. हाताला प्लास्टर नसते, ताप नसतो. म्हणून 'चांगला तर दिसतोस' असे म्हणू नका. कोणत्या बाजूला दुखते ते विचारून घ्या आणि त्या बाजूने गालाला, खांद्याला हात लावू नका. जेवायचा आग्रह करू नका, मऊ भात, आटवल, सूप असे काही डब्यात ठेवून जा. तो बोलला नाही तर राग मानू नका. तपासणीला जाताना लोकलच्या गर्दीत बरोबर जा. दररोज 'आता बरे आहे का?' असे विचारले की त्याला रोज 'नाही' म्हणण्याचा त्रास होतो. त्यापेक्षा 'मी बसलोय' एवढे म्हणा. आणि चहा टाकला असेल तर घेऊन जा!

सुनांनो, मुलांनो, घरातली सासू किंवा वडील दुखण्याने चिडचिडे झाले तर ते तुमच्यावर रागावलेले नाहीत, हे लक्षात ठेवा. आणि दुखणाऱ्यांनो, आपणही कळ गेल्यावर एखादा गोड शब्द टाकायला विसरू नये. मी आमच्या स्वयंपाकी ताईंवर विनाकारण दोनदा ओरडलो. नंतर त्यांची माफी मागितली. दुखणे निमित्त असले तरी शब्द माझेच होते.

आपल्या देवळात

या विचारांतून आपल्या धर्मग्रामापुरते काही ठरवले आहे. आजपासून देवळाच्या डाव्या बाजूच्या मागच्या चार बाकांवरचे पंखे मिस्सेच्या वेळी बंद राहतील. ज्यांना वारा सोसत नाही त्यांनी तिथे बसावे, आणि कोणी तिथे बसलेले दिसले तर 'मागे का बसता?' असे विचारू नये. ज्यांना तोंड उघडणे किंवा गिळणे कठीण आहे, त्यांनी आधी कळवावे. त्यांना ख्रिस्तप्रसादाचा अगदी छोटा तुकडा देता येतो, आणि तेही शक्य नसेल तर केवळ पवित्र रक्ताच्या रूपात ख्रिस्त स्वीकारता येतो. तो पूर्ण ख्रिस्तच असतो. शांतीच्या चिन्हाच्या वेळी कोणी हात न मिळवता नुसते जोडले, तर तेवढ्याने शांती कमी होत नाही.

रुग्णाभ्यंगाविषयी गैरसमज आहे. त्याला अजून 'शेवटचा संस्कार' म्हणतात, आणि फादर तेल घेऊन आले की घरात रडारड सुरू होते. हा संस्कार केवळ मरणाऱ्यांसाठी नाही. गंभीर दुखणे आलेल्या कोणालाही तो घेता येतो, आणि दुखणे पुन्हा बळावले तर पुन्हाही घेता येतो. मी स्वतः ईस्टरनंतरच्या आठवड्यात तो घेतला. दुखणे गेले नाही. पण शेजारच्या धर्मग्रामाचे वृद्ध फादर कपाळावर तेल लावताना माझी दुखरी बाजू सांभाळून बोट अलगद फिरवत होते, तेव्हा मी किती दिवसांनी रडलो. एवढी कृपा मला त्या दिवशी पुरली.

पुनरुत्थित प्रभू शिष्यांना भेटला तेव्हा त्याच्या हातांवर आणि कुशीत जखमा तशाच होत्या. मृत्यूला जिंकणाऱ्याला त्या पुसून टाकता आल्या नसत्या का? त्याने त्या ठेवल्या आणि थोमाला त्यांना हात लावायला सांगितले. त्याच्या गौरवी देहावर जखमांना जागा आहे, तर आपल्या काट्यालाही त्याच्याजवळ जागा आहे. तो निघावा म्हणून आपण मागत राहू. निघेपर्यंत, आणि नाही निघाला तरी, एकमेकांजवळ बसून राहू.

प्रार्थना करू या:

हे प्रभू येशू, तुझ्या डोक्यावर काट्यांचा मुकुट होता, म्हणून आमच्या काट्याची ओळख तुला करून द्यावी लागत नाही. आज रात्री ज्यांना झोप येणार नाही त्यांच्याजवळ तू जागा राहा. ज्यांना आज दुखत नाही त्यांना आजचा दिवस निर्भयपणे जगू दे. डॉक्टरांच्या आणि परिचारिकांच्या हातांना आशीर्वाद दे. आणि आम्हाला कमी बोलून जास्त वेळ बसायला शिकव. आमेन.

ख्रिस्तात आपला,
प्रमुख धर्मगुरू